तिसऱ्या ओळीनंतर

"ओस घर म्हणता बाई, पण गाणं कुठलं? पिक्चरमधलं, नाटकातलं, की भजनातलं?" प्रल्हाद चुरीने चष्मा कपाळावर सारला. "तशी सात आहेत."

दारातल्या बाईने मान कलती करून उजवा कान पुढे आणला. "मोठ्यानं बोला, दादा. डावा कान पार गेलाय माजा."

"सात आहेत म्हटलं! सात!"

"या बाय! सात?" चार जिने चढून तिला धाप लागली होती. "मला तं एकच ठाव व्हतं."

लिफ्ट दोन दिवस बंद होती. म्हणजे ही बाई चुकून आलेली नव्हती, मुद्दाम आलेली होती. हे ध्यानात आलं तसा प्रल्हाद गडबडला. विरार पश्चिमेच्या या इमारतीत त्याच्या दारी मुद्दाम येणारं कुणी उरलं नव्हतं. बायको हेमलता जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा सिद्धेश हैदराबादला. दर रविवारी अकरा वाजता त्याचा फोन, "पप्पा, गोळ्या घेतल्या ना?" गोळ्या झाल्या की हवापाणी, हवापाणी झालं की "ठेवतो". बाकीच्या वारी बेल वाजवायचा तो सोसायटीचा सेक्रेटरी श्रीरंग, तोही पाण्याच्या टाकीची नोटीस घेऊन.

दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत होती. प्रल्हादने ती उचलून खाली ठेवली. खाली दडलेल्या खुर्चीचा रंग अजून नव्यासारखा होता.

"बसा. आलात कुठून?"

"अर्नाळ्यावरनं." बाईने मांडीवर पिशवी घेतली. पिशवीला सुकटीचा वास होता. "माज्या पोराच्या, जितेशच्या लग्नात त्या नंदाखालच्या गॉडफ्रेचा डीजे व्हता. त्याला इचारलं, बाबा, जुनी गानी कोनाकडं असतील? तं म्हनाला, भोंगेवाल्या प्रल्हादकडं. त्याच्याकडं नाय तं कोनाकडंच नाय."

अर्नाळा म्हटल्यावर प्रल्हादने नजर चुकवली होती. पण गॉडफ्रेच्या त्या शब्दांनी त्याच्या पाठीचा कणा बोटभर उंच झाला.

खोटं नव्हतं ते. आगाशीत त्याची साउंड सर्व्हिस होती तेव्हा आसपासच्या गावात एक लग्न त्याच्या कर्ण्यावाचून लागत नसे. नारळाच्या झाडाला दोन कर्णे बांधायचे, एक गावाकडे, एक दर्याकडे. नंदाखालच्या वाड्यांतली चर्चची लग्नं, अर्नाळ्याच्या कोळ्यांची हळद, आगाशीची मुंज, गणपती, चर्चचे सण. माणसं त्याला गायकाचं नाव कधी सांगत नसत. "दादा, पोरगी निघतेय, त्यावर लाव काहीतरी," एवढंच. म्हणून त्याची वहीसुद्धा तशीच होती. गायकावर नाही, सालावर नाही, प्रसंगावर. हळदीची पानं वेगळी, वरातीची वेगळी, रुसलेल्या व्याह्यांची वेगळी. आणि एक पान होतं, ज्याच्या माथ्यावर हेमलताच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'ओस घर'.

त्या पानावर सात नावं होती. त्यातलं चौथं निळ्या शाईने इतकं खोडलं होतं की कागद फाटायला आला होता.

"हे काय झालं?" बाईचं बोट नेमकं तिथेच गेलं.

"खराब झाली ती रेकॉर्ड."

"मंग सहाच की."

"सहाच." प्रल्हादने मान वळवली. "एकेक लावू. तुमचं असेल तिथे थांबवा."

टेबलावर जुना रेकॉर्ड प्लेअर होता, त्याला लागून कॅसेटचा टेप. तो लावत गेला आणि बाई उजवा कान स्पीकरच्या जाळीला टेकवून ऐकत गेली. पहिलं एका विनोदी पिक्चरचं निघालं. तीन बिनलग्नाचे भाडेकरू ओस घरात कसे नाचतात त्याचं. बाई खुदकन हसली. "हे नव्हं." मग भजन. देह म्हणजे भाड्याचं घर, धनी निघून गेला की ओस. ते तिने हात जोडून पुरतं ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं हाय, पन हे नव्हं." मग भुताच्या पिक्चरचं, नुसता वाऱ्याचा आवाज आणि मधेच किंकाळी. किंकाळी तिला ऐकूच आली नाही. प्रल्हाद दचकला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. "का हो? काय झालं?"

"काही नाही. बाई किंचाळली."

"कोन?"

"पिक्चरमधली!"

"मंग असं सांगा ना. मला वाटलं तुमाला कळ आली."

प्रल्हादला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते त्याला आठवेना. एका पॅरिशच्या गाण्यांची कॅसेट होती, 'ओस घरी ये, प्रभू' म्हणणारी. एक नाटकातलं पद होतं. आणि शेवटी त्याने हिरव्या कापडी पिशवीतून एक लहान रेकॉर्ड काढली.

सुई टेकली. एका आईचा आवाज खोलीभर पसरला.

*लेक निघाली, दारी राहिली रांगोळी,*
*घर ओस माझं भरल्या सकाळी...*

बाईने डोळे मिटले. ओठ थोडे हलले. पण मग तिने सावकाश मान हलवली.

"हे त्यानंतर लावलेलं तुमी," ती म्हणाली. "मला त्याच्या आदी लावलेलं पायजे."

प्रल्हादच्या बोटांनी सुई उचलली.

"कधी?" त्याने विचारलं. पण त्याला कळलं होतं.

"माज्या लग्नात. अठ्ठ्याऐंशी सालचा मे म्हयना. मी जयवंती. हिराजीची बायको." ती जरा थांबली. "वळखलं नाय तुमी. कसं वळखनार? तवा कपालावर मुंडावल्या व्हत्या."

*

अर्नाळ्याच्या त्या कोळी आळीची तेव्हा एक रीत होती. नवरी उंबऱ्याबाहेर पडली तरी आईने रडायचं नसे. दात आवळून उभं राहायचं, पाहुण्यांना पान द्यायचं, व्याह्यांच्या पाया पडायचं. कर्ण्यावर पाठवणीचं गाणं लागलं की मगच तिने पदर डोळ्याला लावायचा. मग मात्र तिला कुणी गप्प करायचं नाही. गाणं सरलं की भोंगेवाला मशीनचं बटण बंद करी. कर्ण्यातून 'खट्' असा आवाज येई आणि तीन दिवसांच्या गोंगाटानंतर आळी एकाएकी अशी शांत होई, की किनाऱ्यावर लाट फुटलेलीही ऐकू यावी. त्या खट्ला बायका म्हणत, "झालं. गेली पोर."

प्रल्हादला त्या खट्चा फार अभिमान होता. तो म्हणायचा, गाणं कुणीही लावील. बंद कधी करायचं ते कळावं लागतं.

जयवंतीच्या लग्नाच्या दिवशी तिथी दाट होती. आगाशीत मुंज, नंदाखालला लग्न, अर्नाळ्याला हे. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. रेकॉर्ड्सची पुठ्ठ्याची पाकिटं पावसाळ्यात कुजायची, म्हणून हेमलताने जुन्या हिरव्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या होत्या आणि प्रत्येकीवर दोऱ्याने नाव घातलं होतं. "या दोन्हीवर 'ओस'च येतंय," तिने तेव्हाच सांगितलं होतं. "एकीवर लाल दोरा घालते, म्हणजे चुकायचं नाही."

"माझ्या हाताला कळतं," प्रल्हाद म्हणाला होता. "हात आंधळा नाही माझा."

नवरी उंबऱ्यावर आली. आईने दात आवळले. प्रल्हादने पिशवीत हात घातला, रेकॉर्ड चढवली, सुई टेकवली. आणि दोन कर्ण्यांतून, गावावर आणि दर्यावर, तो आवाज गेला.

*ओस घर माझं गं, उंबऱ्याला वाळू,*
*गेल्या पावलांची खूण किती सांभाळू?*
*भरतीच्या पाण्या, नको येऊस दारात...*

एका आठवड्यात उतरलेल्या पिक्चरचं गाणं होतं ते. त्यात एका बाईचा नवरा दर्यावर जातो आणि परत येत नाही. प्रल्हादने तिथेच सुई उचलली. उचलताना ती खरचटली आणि कर्णा कण्हल्यासारखा झाला. दुसरी रेकॉर्ड चढवेपर्यंत मांडवात कुणी हललं नाही. नवऱ्याची आई एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून तशीच थांबली होती. तिने जमिनीवर बोटं मोडली आणि म्हणाली, "हे कोनाचं गानं लागलं माज्या सुनेला?"

मग बरोबर गाणं लागलं, आई रडली, वरात गेली. खट् झालं.

चौथ्या वर्षी नारळी पुनव झाली, होड्या दर्यात लोटल्या, आणि आठव्या दिवशी वादळ उठलं. पाच होड्या आल्या. हिराजीची आली नाही.

प्रल्हाद सायकलवरून अर्नाळ्याला गेला होता. गर्दीच्या मागे, सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगांपाशी उभा राहिला. कुणी त्याला काही बोललं नाही. कुणाचं लक्षही नव्हतं. पण त्याला वाटलं, सगळ्या किनाऱ्याची पाठ आपल्याकडे आहे. पुढे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. ते तोंडात घेऊन तो अर्धा तास उभा होता. मग सायकल वळवली. घरी येऊन त्याने ती रेकॉर्ड वाडीतल्या विहिरीत टाकली, वहीतलं नाव खोडलं, आणि त्यानंतर अर्नाळ्याचं एकही लग्न घेतलं नाही. हेमलताने एकदाच विचारलं. तो म्हणाला, "तिकडची खारी हवा मशीनला बाधते."

*

"मुंडावळ्या होत्या," प्रल्हाद तेवढंच म्हणाला.

"आँ?"

जयवंतीने पिशवीतून सुकटीची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली, जणू हातांना काहीतरी काम हवं होतं.

"हिराजीला लय गंमत वाटलेली त्या गान्याची," ती सांगू लागली. "सासू जपमाळ ओढायची नि हा हसायचा. होडीवरनं आला का दारात उबा राह्यचा, पाय वाळूनं भरलेले, नि तोंड इतकं करून म्हनायचा, 'ओस घर माजं गं, उंबऱ्याला वाळू!' मी चुलीफुडनं म्हनायची, 'भरलंय रं घर, ये आत.' तवाच आत यायचा. रोज. मी कदी रागावली असली, बोलली नाय, तं तिथंच उबा. पुन्ना पयल्यापासनं म्हनायचा. तीन ओळी. नि तिसरीला गप्प. म्हनायचा, फुडचं त्या भोंगेवाल्यानं गिळलं."

तिने पदराने तोंडावरचा घाम टिपला.

"डाक्टर म्हनाला, उजवा पन जानार. मशीन लावा, तरी बोलनं कललं तं कलंल, गानं नाय कलनार. मंग मी इचार केला, जे ऐकायचंय ते ऐकून घ्यावं. नातवाचं रडनं ऐकलं. अर्नाळ्याच्या देवळातली घंटा ऐकली. नि मंग आठवलं, तीन ओळींच्या फुडं काय व्हतं ते ऱ्हायलंच. पोरानं मोबाईलवर शोधलं. नुसती ओस घरंच ओस घरं, दादा! शंभर निगाली. आपलं एक नाय." ती पुढे वाकली. "ती रेकाड खराब म्हंजे किती खराब? थोडी तरी वाजंल?"

आता खोटं बोलायला जागाच नव्हती. प्रल्हाद उठला, तिच्या उजव्या बाजूला गेला, आणि वाकून म्हणाला, "खराब नाही झाली. मी विहिरीत टाकली. हिराजी गेला त्या दिवशी."

जयवंती त्याच्याकडे बघत राहिली. कानाने ऐकलेलं डोळ्याने तपासावं तशी.

"बुडवलीत?" ती म्हणाली. "तुमीपन बुडवलीत?"

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. प्रल्हादला तो ऐकू आला. तिला आला नसावा.

"माझ्यामुळे अपशकुन झाला असं वाटलं मला. सगळं गाव मला बोल लावत असेल..."

"तुमाला?" जयवंती उभी राहिली. तिचा आवाज चढला, आणि किती चढला ते तिला कळत नव्हतं. "तुमाला कोन बोल लावनार? तुमाला पैसं देऊन गाडीत बसवून दिलं. बोल लावला तो मला! सासू म्हनायची, गानं काय उगाच लागतं? पोरीच्या कपालात व्हतं म्हनून लागलं. भोंगा काय खोटं बोलतो? बारा वर्सं ऐकलं मी. मासली इकायला गेली तरी बायका टोपली बाजूला सरकवायच्या. नि मी वाट बगायची, तो मानूस कदीतरी येईल नि म्हनंल, बायांनो, माजा हात चुकला, हिच्या कपालाचा काय संबंध नाय. एवढंच. गानं नको व्हतं मला तवा. एवढं एक वाक्य पायजे व्हतं."

प्रल्हादला ते वाक्य माहीत होतं. बोंबलांच्या रांगांपाशी अर्धा तास तोंडात धरलेलं तेच ते. एवढी वर्षं तो समजत होता, की आपण एक ओझं वाहतोय. ओझं दुसरंच कुणीतरी वाहत होतं. आपण नुसते वाकून चालत होतो.

"चूक माझी होती," तो म्हणाला.

"आता सांगता? मला?" जयवंती परत खुर्चीवर टेकली. राग आला तसाच उतरला होता, भरतीसारखा. "मला ठावच व्हतं. ज्यांना सांगायचं ती सासू गेली. बाया पन गेल्या अर्ध्या. ऱ्हाऊ द्या. रेकाड नाय ना? मंग जाते मी. पाच वाजताची एसटी गावली पायजे."

तिने पिशवीची घडी घातली. प्रल्हाद तिच्या उठण्याकडे बघत होता. पस्तीस वर्षं त्याने लोकांना गाणी ऐकवली, पण स्वतःचा आवाज कर्ण्यात कधी घातला नव्हता. 'हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन' एवढाच. हेमलता म्हणायची, तुमच्या गळ्यात देवाने चाळण बसवलीय, सूर तेवढे गाळून ठेवते.

"थांबा," तो म्हणाला. मग तिच्या उजव्या कानाशी, "थांबा जरा. मला येतं ते गाणं. पुढचं."

*

माळ्यावर एक कर्णा, जुनं मशीन आणि माईक उरले होते. बाकीचं सगळं गॉडफ्रेने विकत घेतलं तेव्हा हे त्याने नाकारलं, कारण मशीन फार जुनं होतं आणि कर्ण्याच्या ओठाला पोचा होता. प्रल्हादने स्टूल लावलं. जयवंतीने न सांगता स्टुलाचे पाय धरले.

"पडाल हो, दादा. तुमी पडलात तं लोक म्हनतील, ही आली नि मानूस गेला. पुन्ना माज्याच कपाली."

"नाही पडत."

"सगलेच म्हनतात नाय पडत."

कर्णा उतरला, मागोमाग मशीन आणि माईक. मशीनवरची धूळ त्याने सदऱ्याने पुसली. वायरी जोडायला डोळ्यांना वेळ लागला, हातांना नाही. बाल्कनीच्या कठड्याला कर्णा सुतळीने बांधला. तोंड समोरच्या इमारतीकडे झालं होतं. जयवंती आली, तिने बघितलं, आणि विचारलं, "अर्नाळा कंच्या अंगाला?"

प्रल्हादने हात केला. दोन उंच इमारतींच्या मधे हातभर आभाळ दिसत होतं, त्याच्या पलीकडे नारळाचे चार शेंडे.

जयवंतीने दोन्ही हातांनी कर्ण्याचा ओठ धरला आणि त्याचं तोंड त्या फटीकडे वळवलं.

दुपारचे साडेतीन झाले होते. सोसायटी झोपली होती. प्रल्हादने बटण दाबलं. कर्णा गुरगुरला, शिट्टी वाजवून गप्प झाला.

"हॅलो," प्रल्हाद माईकमध्ये म्हणाला. चारी इमारतींवरून तो हॅलो परत आला. "हॅलो. एक, दोन, तीन."

समोरच्या बाल्कनीचं दार उघडलं. श्रीरंग बनियनवर बाहेर आला. "काका! अहो काय चाललंय? लोकांच्या मीटिंगा चालू आहेत घरात! परमिशन घेतलीये का?"

प्रल्हादने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने जयवंतीकडे बघितलं. ती कर्ण्याच्या बाजूला, उजवा कान पत्र्याला लावून उभी होती, दाराशी कुणाची चाहूल घ्यावी तशी. आणि मग जे गाण्याआधी बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं, ते तोंडातून गेलं.

"अर्नाळ्याच्या बायांनो," तो म्हणाला. "मी आगाशीचा भोंगेवाला प्रल्हाद बोलतोय. अठ्ठ्याऐंशी साली हिराजीच्या लग्नात चुकीची रेकॉर्ड लागली. ती मी लावली. माझ्या बायकोने दोरा घालते म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. माझा हात चुकला. जयवंतीच्या कपाळाचा त्यात काही संबंध नाही."

अर्नाळ्याची एकही बाई ते ऐकायला तिथे नव्हती. खिडक्या उघडल्या, माणसं बाहेर आली. एका मुलीने मोबाईल वर धरला. कुणाला काही कळलं नाही. कोण जयवंती, कसली रेकॉर्ड. श्रीरंगने कठड्याला हात टेकले.

जयवंतीने कर्ण्याला लावलेला कान काढला नाही. तिचे दात आवळलेले होते.

मग प्रल्हाद गायला. गायला म्हणजे काय, एका सुरावरून दुसऱ्यावर चिखलातून पाय काढावेत तसा गेला.

*ओस घर माझं गं, उंबऱ्याला वाळू,*
*गेल्या पावलांची खूण किती सांभाळू?*

"तो पन असाच बेसूर म्हनायचा," जयवंती म्हणाली. डोळे मिटलेले होते.

*भरतीच्या पाण्या, नको येऊस दारात...*

इथे छत्तीस वर्षांमागे सुई उचलली होती. प्रल्हादचा हात नकळत तसाच वर झाला. त्याने तो खाली घेतला, माईकची दांडी घट्ट धरली, आणि पुढची ओळ म्हटली.

*एक पाऊल त्याचं अजून घरात.*

जयवंतीने डोळे उघडले.

"पुन्ना म्हना."

त्याने पुन्हा म्हटली. ती ओळ दोन इमारतींच्या फटीतून नारळांच्या शेंड्यांकडे गेली. अजून चार ओळी होत्या, त्याही त्याने म्हटल्या, पण जयवंती त्याच ओळीपाशी थांबली होती. त्या दिवशी सुई आणखी दोन क्षण राहिली असती तर सासूने ही ओळ ऐकली असती, सगळ्या मांडवाने ऐकली असती. दोघांच्याही मनात ते आलं असेल.

गाणं संपलं. कर्णा नुसता घुमत राहिला. जयवंतीने माईककडे तोंड नेलं नव्हतं, ती जवळ उभी होती इतकंच. ती हलकेच म्हणाली,

"भरलंय रं घर. ये आत."

आणि तो माईक तसा जुना, सगळं पकडणारा. तिचे शब्द कर्ण्यातून बाहेर पडले आणि चारी इमारतींवर आपटून परत आले. आपलाच आवाज एवढा मोठा, एवढा स्वच्छ तिला किती दिवसांनी ऐकू आला. मग तिने पदर डोळ्याला लावला. तिला कुणी गप्प केलं नाही.

*

जाताना तिने दारात चपला घातल्या आणि वळली. "सुकट डब्यात घाला, नायतं मुंग्या लागतील. कांदा लय घालू नका, गोड व्हते."

"मला करता येत नाही."

"येतं. गानं येत नव्हतं तरी म्हनलात का नाय?"

तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज एकेक मजला उतरत गेला. प्रल्हाद बाल्कनीत आला. ती खाली फाटकाशी दिसली. वॉचमन तिला काही विचारत होता. तिने उजवा कान पुढे केला, मान हलवली, आणि रस्त्याला लागली. वर बघितलं नाही. कोळिणी चालतात तशी, पाठ ताठ, डोक्यावर टोपली नसतानाही असल्यासारखी.

ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा समोरून श्रीरंग म्हणाला, "काका." आवाजात नोटीस नव्हती. "काका, माईक चालू आहे अजून."

खरंच चालू होता. प्रल्हादचा श्वास कर्ण्यातून बाहेर जात होता, आत येत होता. सगळ्या सोसायटीवर एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास. टेबलावर सुकटीची पुडी होती आणि तिचा वास घरभर झाला होता. कर्ण्याचं तोंड त्या हातभर आभाळाकडे होतं, तिने वळवलं होतं तसंच.

तो थोडा वेळ तसाच थांबला. बंद कधी करायचं ते कळावं लागतं.

मग त्याने बटणावर अंगठा ठेवला.

खट्.